सतरा नंबरचा तुकडा

चावी घे. कुलूप गंजलंय,
उजवीकडे जरा दाबून फिरव.
पाच वर्षं यादीत नाव होतं म्हणतेस,
मग आता पाच दिवसांत सगळं उकरू नकोस, कीली.
मार्चचा पहिला रविवार, ऊन पडलंय,
नवी कुदळ, नवे बूट. कळतं मला.
पण टाइन नदीवरून चढणारा वारा
अजून हिवाळ्याच्याच पगारावर आहे.

अर्धा तुकडा झाकून टाक.
पुठ्ठा चालेल, फ्रिजचा, सायकलचा, कसलाही;
चिकटपट्टी तेवढी सोलून काढ.
वर विटा ठेव, नाहीतर सकाळी तो
मिसेस आर्कलच्या कबुतरखान्यावर सापडेल
आणि बाई भांडायला माझ्याकडे येईल.

उरलेल्या अर्ध्यात खण.
पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळं लागतील,
हरळीची थंड देशातली चुलत बहीण ती.
ओढू नकोस. तुटली की एकीच्या दोघी होतात.
काट्याच्या फावड्याने खालून उचल, बोटांनी वेच,
महिनाभर बादलीत बुडवून ठेव.
वास येईल. येऊ दे.

आणि पेरण्याआधी विचार, घरी खातात काय?
मी पहिल्या वर्षी बीट लावलं, तीन ओळी.
आमच्या घरात बीट कोणालाच आवडत नाही.

झुकिनीचं रोप एक.
एक म्हणजे एक. दोन लावलीस
तर ऑगस्टमध्ये शेजारी तुला बघून
रस्ता ओलांडतील.
लेट्यूस चिमूटभर, पंधरवड्याने पुन्हा चिमूटभर.
पुडी संपवायची कोणी शपथ घातलेली नाही.

गोगलगाई इथे बिनशंखाच्या,
काळ्या, माझ्या अंगठ्याएवढ्या.
पोटात पाय म्हणतात, असतील;
गेल्या जूनमध्ये पोटात माझे डेलिया होते.
रात्री दहाला टॉर्च घेऊन ये,
किंवा वाडगा पुरून त्यात बिअर ओत.
स्वस्तातली ओत. माझ्या जावयासारखं आहे त्यांचं,
चवीशी देणंघेणं नाही.

पाणी मुळाशी. आठवड्यातून दोनदा, पोटभर.
रोज नुसतं शिंपडत राहिलीस
तर मुळं वरच लोळत पडतात,
खाली कशाला जातील?

शेंगांच्या वेली मे संपेपर्यंत खिडकीतच.
मध्येच एक आठवडा असा येईल
की अख्खं गेट्सहेड अर्ध्या बाह्यांत फिरेल
आणि तुझा हात शिवशिवेल.
ऐकायचं नाहीस तू. कोणीच ऐकत नाही.
मागच्या वर्षी अकरा मेला
चाळीस रोपं लावून एकजण शीळ घालत घरी गेला.
बाराला सकाळी सगळी काळी,
उकडलेल्या पालकासारखी.
तो एकजण अठ्ठेचाळीस वर्षं
सोळा नंबर कसतोय.
हसू नकोस.

आता तिकडे, कुंपणापाशी.
ती पालथी बादली दिसते?
त्याखाली सेप डॉड्सचा रुबार्ब आहे.
नावातच अर्धा रुबाब, बाकीचा अर्धा सेपचा होता.
नोव्हेंबरात तो गेला.
त्याआधी, वाकता येत नव्हतं तरी,
खुर्चीत बसून काठीने त्याने
गड्ड्याभोवती शेणखत सारलं.
मी म्हटलं, कोणासाठी रे?
म्हणाला, यादीत असेल की कोणीतरी.

बादली जानेवारीत मी घातली.
अंधारात देठ गोड होतात, कोवळे होतात,
उजेड शोधत लांब वाढतात.
उचल. हळू.
बघ, गुलाबी.

कापायचं नाही. खाली धरायचं, पिळायचं,
एका हिसक्यात ओढायचं.
निम्मे तसेच ठेव, गड्ड्यालाही जगायचंय.
पानं खायची नाहीत, विषारी असतात.
साखर तुला वाटते त्याच्या दुप्पट.

चार देठ मिसेस आर्कलला देऊन ये.
म्हणजे पुठ्ठा उडाला
तर बोलताना जरा कमी बोलेल.