नावाचा रकाना

जुनापाणीचे दगड मोजून आलो,
काटोल रोडनं, स्कूटीवर, भर मे महिन्यात.
आता कूलर घरघरतोय आणि मी त्यांना नकाशावर मांडतोय:
एका वर्तुळाला चार पाषाण, एक लोखंड.
घोडा महाग ठेवलाय.
मेल्या माणसासोबत तोही पुरावा लागतो,
पुढच्या लढाईत एक घोडा कमी.

वाकाटक सोपे गेले.
ताम्रपट आहेत, राजधानी आहे,
दान दिलेल्या गावांचीसुद्धा नावं आहेत.

ह्यांचं काय लिहू?
रकाना रिकामा ठेवला की खेळ सुरूच होत नाही.
लाल अक्षरं: नाव आवश्यक.
‘अज्ञात’ लिहून पाहिलं.
वाचताना ते लोक नाही, पोलिसांचा पंचनामा वाटला.

हेमराज म्हणाला, टाक ना बे काहीही,
कोण येते तपासाले?

कोणीच नाही. तेच तर.

रात्री दीडला फोटो मोठा करून पाहिला:
दगडावर कोरलेले खळगे, ओळीनं,
बोट बसेल एवढे.
मोजले. नऊ.
नावाच्या रकान्यात नऊ टिंबं दिली.

घेतली त्यानं.
धुकं थोडं सरकलं,
आणि . . . . . . . . . यांनी
पहिला घोडा हाकला
पाण्याकडे.