ओहोटीत थांबलेली फेरी

सालमियाहून फैलकाला जाणारी फेरी
सातची. निघाली सव्वाआठला.
खालच्या डेकवर दोन पिकअप, पाण्याचे कॅन,
एका म्हाताऱ्या बदूची अकरा मेंढरं,
आणि माझा कॉम्प्रेसर, दोन दोरांनी जखडलेला,
जणू पळून जायचं त्याच्याच मनात होतं.

शफीकुल खलाशी, बारिसालचा,
दोर सोडताना दरवेळी पुटपुटतो.
दुआ का रे?
नाही, म्हणाला, हिशेब. उरलेले महिने.

दोन दिवस शमाल वाहून गेलेला.
वर पिवळट, खाली पिवळट,
क्षितिज कुणी पुसून घेतलेलं,
आणि मधे आम्ही, डिझेलच्या वासासकट.

बाकावर थिआनो. मातीची नखं,
चाळिशीतच पांढरे झालेले केस.
बेटावर उकरून काढलेली खापरं जोडते.
तिच्या कोठारातला एसी बंद पडलाय,
उन्हाने डिंक सुटतो,
दोन हजार वर्षांपूर्वी फुटलेली मडकी
पुन्हा फुटतात.
म्हणून मी.

बेट समोर आलं.
भाकरीसारखं सपाट, इतकं जवळ
की धक्क्यावरच्या माणसाची विडी दिसावी.
आणि फेरी थांबली.
ओहोटी, कप्तान म्हणाला. पाणी नाही.
बसा.

बसलो.
तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून,
मधल्या फटी अरबीने बुजवल्या.
तिचं गावही बेटच.
दातांचा डॉक्टर शेजारच्या बेटावर,
तोही फक्त गुरुवारी,
त्यामुळे दात दुखायचा तो गुरुवारीच दुखावा लागे.
सहा वर्षांची होती. बापाच्या मांडीवर, फेरीत.
वारा असा की बोट दोनदा अर्ध्यातून परतली.
तिसऱ्यांदा परतली तेव्हा
दात दुखायचा थांबला होता.
भीतीने, ती म्हणाली, आणि गाल दाबून दाखवला,
अजून तिथेच असल्यासारखा.

मग मी माझी सांगितली, दाभोळ-धोपाव्याची.
दहा मिनिटांची खाडी.
एकदा सगळं वऱ्हाड चढलं, वाजंत्री चढली,
आणि नवरदेव राहिला तिकिटाच्या रांगेत.
ती इतकी हसली की मेंढरं वर बघू लागली.

हसू ओसरल्यावर म्हणाली,
या बेटाचं जुनं नाव ठाऊक आहे?
इकारोस.
आमच्या बेटाचंच नाव.
आमच्याकडच्यांनी इथे येऊन ठेवलं.

दिसतं का तसं?
छे. आमचं बेट म्हणजे उभा डोंगर,
शेळीसुद्धा चढताना देवाचं नाव घेते.
हे बघ. यावर चढायला काय आहे?

कोण होते ते?
शिपाई. पगारी. लांबून आणलेले.

मी काही बोललो नाही.
जलीबच्या कॅम्पात आमच्या खोलीच्या दारावर
मार्करने लिहिलंय: धोपावे.
समोरच्या नेपाळ्यांनी लिहिलंय: पाल्पा.
कोपऱ्यातल्या खोलीत सहा जण, सहा गावांचे,
त्यांचं भांडण मिटेना, म्हणून नुसतं: घर.
आत आठ बाय बारा, चार बंक,
खिडकीबाहेर टायरांचं गोदाम.
खाडी नाही, नारळ नाही,
एक थेंब सारखेपणा नाही.
कुणी विचारलं तर मीही म्हणेन, छे.

भरती आली तेव्हा कळलीच नाही.
फक्त फेरीने खालून अंग हलवलं,
झोपेत कूस बदलावी तशी.
साखळ्या खडखडल्या, रॅम्प सिमेंटवर आपटला,
पहिलं मेंढरू उतरलं आणि घसरलं.
शफीकुलने दोर फेकला, पुटपुटला.

संध्याकाळी सहाला एसी चालू झाला.
थिआनोने हात झोताखाली धरला,
मग एक खापर धरलं, माणसाला पाणी द्यावं तसं.

परतीच्या फेरीत मी एकटा.
कॅम्पात रंगारी दर दोन वर्षांनी येतो,
भिंती, दारं, सगळं एकाच पांढऱ्यात.
यंदा त्याचं वर्ष.
मार्कर आहे का बघायला हवं, म्हटलं.
खिसे चाचपले.
डिंकाची एक नळी निघाली, तिचीच,
चुकून आलेली.