यादीतलं एकतिसावं नाव

खेकड्यांच्या कारखान्यातून रात्रपाळी करून सुटले की
व्हार्दोमध्ये सकाळ फक्त घड्याळात असते.
हातमोजे काढले तरी बोटांचा वास राहतोच,
आणि थांब्यावर उभ्याउभ्या मी फोनला विचारते :
गुडघ्यात पाणी का होतं,
थंडीत इंजिन का खोकतं,
घटस्फोटानंतर होडी कुणाची.

उत्तरं यायची. दोन ओळी ठळक,
तिसरी फिकी, चौथी धुक्यात,
आणि पाचवीच्या जागी पसरलेला हात :
महिना एकोणऐंशी क्रोन, पहिला आठवडा फुकट.
माझ्या गुडघ्याचं कारण
त्या धुक्यापलीकडे पाय पसरून बसलेलं असायचं.

भाच्यानं, सिव्हर्टनं, एक एक्स्टेन्शन घालून दिलं.
"मावशी, आता कुंपणवाले दिसणारच नाहीत.
राहिलेले तू टाक यादीत. नाव दाबून धर, बस."
खरंच दिसेनात.
मग मी टाकत गेले. त्यात एक मजा होती,
कुणाकुणाचं तोंड बघायचं नाही
हे ठरवण्यात असते तशी.
ओस्लोचे मोठे पेपर, डॉक्टरांचं मासिक,
विणकामाचंसुद्धा एक,
ज्यानं मोज्याची टाच ऐन वळणावर लपवली होती.

एकतिसावं नाव आमच्याच गावच्या पेपरचं.
त्याचा बातमीदार एकच, आइलिफ,
समोरच्या पिवळ्या घरात राहतो,
बर्फ ओढताना माझीही पायरी ओढून देतो.
मी नाव दाबून धरलं तेव्हा
पडद्यामागे त्याचा दिवा चालू होता.

त्यानंतर जग कसं स्वच्छ झालं.
जे दिसायचं ते सगळं फुकट आणि आग्रहाचं :
गुडघ्याला शेवाळाच्या गोळ्या,
इंजिनाला तेल, तेलाला कर्ज,
आणि कुणी लिहिलं हे कळूच नये
अशी गोड गोड, एकसारखी वाक्यं.

बोगदा दोन रात्री बंद राहणार होता.
साऱ्या गावाला ठाऊक. मी गाडी घेऊन तोंडाशी गेले,
फाटक बघितलं, परत आले.
"पेपरात होतं की," पंपावरची रागन्हिल म्हणाली.
कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,
खरं आहे.
पण आमच्याकडे दोन महिने
तांबडं तसंही फुटत नाही.
झाकलेलं कोंबडं लक्षात कुणाच्या येणार?

मार्चात बाबांच्या होडीचं नाव टाकलं. टेर्ना.
काही सापडलं नाही.
शब्द तपासून पाहा, असं लिहून आलं.
मी शब्द तपासला. बरोबर होता.
मी सात वर्षांची असताना
धक्क्यावर बायका तोच ओरडत होत्या.

एक्स्टेन्शन बंद केलं.
सगळ्यात वर आइलिफ.
टेर्नावरून वाचलेला एकटा माणूस
चाळीस वर्षांनी त्याच्याशी बोलला होता.
दोन ओळी ठळक. तिसरी फिकी :
"त्या रात्री सुकाणूवर"
आणि धुकं.

कारखान्यातून आणलेले खेकड्याचे तुटके पाय
पिशवीत घालून मी रस्ता ओलांडला.
आइलिफ लोकरी मोज्यांवरच दाराशी आला.
ऐकून घेतलं, मग खिसे चाचपले,
किल्ली हरवल्यावर चाचपतो माणूस तसे.
"जानेवारीत काढलं मला," म्हणाला.
"माझाही पासवर्ड चालत नाही."
जरा थांबून, खाली बघत :
"आणि तुझ्या सिव्हर्टनं मलाही ते घालून दिलंय."

हसू आलं नाही, दोघांनाही.
पिशवी त्यानं घेतली, वर्गणी घेतात तशी,
वजन न बघता.
वही होती. शिसपेन्सिलीची, पाण्यानं फुगलेली,
अक्षर म्हणजे धक्क्यावर टाकलेलं जाळं.
दिव्याखाली धरून आम्ही
सुकाणूवरचं नाव लावत बसलो.
पहिलं अक्षर बाबांचं असू शकतं.
त्याच्या मते नाही.