चाराला चार कमी

दोन जुन्या साड्या, खताची पोती उसवून शिवलेली ताडपत्री
आणि कपडे वाळत घालायची तार.
एवढ्यात झाला तंबू,
निलंग्यातल्या आमच्या घरामागं,
शेवगा आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या जागेत.

दानेश्वरीनं पाटीवर नियम लिहिले:
चपला बाहेर. मोबाईल बाहेर.
मोठी माणसं बाहेर.
शेजारचा मुदस्सिर म्हणाला, अन् वाघ आला तर?
मग चौथी ओळ वाढली:
बाबा दारात.

तर मी दारात. बाजेवर.
बायको सरकारी दवाखान्यात, नाईट ड्युटीला.
जाताना धपाट्यांचा डबा ठेवून गेली,
दही लगेच संपवू नका, असं तीनदा सांगून.
दही साडेआठलाच संपलं.

आत बॅटरी लागली. साडीवरचे मोर
एकदम म्हशीएवढे झाले,
वीरेशचं डोकं एका मोराच्या पोटात.
भुताची गोष्ट सुरू झाली,
आणि भूत यायच्या आधीच
तिघंही एकमेकांना विचारायला लागले,
घाबरलास काय?

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला,
दोन ट्रॉल्या, गाणी मोठ्यानं लावलेली.
जमीन थरथरली, उलीशी.
माझा हात आपोआप बाजेखाली गेला
आणि तळवा मातीला टेकला.
वीरेशनं पडद्यातून डोकं काढलं:
"बाबा, जमिनीला ताप आलाय का?"
नाही रे. बघत होतो.
त्यानंही हात लावला, थोडा वेळ ठेवला,
त्याची आई ठेवते तसा.
"नाहीये," म्हणाला, आणि आत गेला.

मी नऊ वर्षांचा होतो.
आमच्या गावात भिंती पडल्या, माणसं नाही.
म्हणून सांगण्यासारखं आमच्याकडं काही नाही.
सांगावं ते किल्लारीकडच्यांनी,
आणि तेही फारसं सांगत नाहीत.
आम्ही फक्त बाहेर झोपलो.
अख्खी गल्ली, शाळेच्या मैदानात, संक्रांतीपर्यंत.
आई मीठ आणायला घरात जायची, तेही पळत.
अप्पा उशाशी वाटीवर वाटी ठेवायचे, वर चमचा.
चमचा वाजला की उठून बाहेर पळायचं.
बाहेरच तर होतो, पण कुणी हसलं नाही.

आणि हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही:
मला मजा येत होती.
चाळीस लेकरं एका ओळीत,
शाळेला कुलूप,
मोठी माणसं इतकी गप्प
की रागवायचंसुद्धा विसरलेली.
बंडप्पानं तिथंच मला कृत्तिका मोजायला शिकवलं.
त्याला सात दिसायच्या, मला सहाच.
एका रात्री हात जोडून म्हटलं होतं,
देवा, अजून एकदा हलव.
फार नको. थोडंसं.
शाळा उघडू नये एवढंच.

तेव्हापासून जाग येते.
चाराला चार कमी असताना. गजर लागत नाही.
पाणी पितो, उंबऱ्यापर्यंत जातो,
कडी काढतो, परत लावतो.
घरचे म्हणतात, लघवीला उठतो.

दीडच्या सुमाराला तंबूतून एक उशी आली,
तिच्यामागं मुदस्सिर. अम्मीला एक विचारायचंय, म्हणाला.
त्याला घरी पोचवून आलो तर वीरेश उभा: डास.
मग दानेश्वरी,
"मला नाही काही वाटत, पण हा एकटा कसा झोपंल?"

बॅटरी आत चालूच राहिली होती.
विझवायला वाकलो.
गोधडी अजून गरम होती,
धपाट्यांचा, डोक्याच्या तेलाचा वास.
आडवा झालो. पाय बाहेरच राहिले.

जाग आली तेव्हा ऊन मोरांवर चढलेलं,
पायावरनं मुंग्यांची रांग चाललेली,
बायको दुधाची पिशवी घेऊन उभी
आणि दानेश्वरी पाटी घेऊन:
तिसरा नियम मोडला. दंड पाच रुपये.

किती वाजले, मी विचारलं.
पावणेसात. का?
काही नाही, म्हटलं.
सुट्टे नाहीत.