तीन मिनिटं अकरा सेकंद

साताऱ्याच्या कोर्टासमोर लिंबाखाली माझं दुकान,
झेरॉक्स, टायपिंग, कोर्ट फी तिकीट
आणि सीडी.
सीडी आता कोण मागतं? फक्त कोर्ट.
पेनड्राइव्ह नको म्हणतात, तबकडी आणा.

साडेनऊला कलावती चोरगे आल्या,
गाव अतीत.
हे गाव खरंच आहे, नागठाण्याच्या पुढं, हायवेला लागून,
तरी प्रतिज्ञापत्रात ते टाइप करताना
माझी बोटं दर वेळी क्षणभर थबकतात.

मोबाइलमध्ये बापाचा आवाज होता.
आधी खोकला, मग गुऱ्हाळाची घरघर, मग
"आंब्याच्या बांधापासनं खालचं कलीचं."
अकराला पुकारा. वकील हरोलीकर चहाला गेलेले.

कोरी तबकडी घातली. ट्रे आत गेला,
हिरवा दिवा लुकलुकला
आणि पडद्यावर ओळ आली: रायटर सापडला नाही.

विंडोज मी कधीच काढून टाकलं, व्हायरसपायी.
भाच्यानं लिनक्स घालून दिलं आणि तो हिंजवडीला गेला.
जाताना म्हणाला, मामा, हे खोटं बोलत नाही,
विचारता मात्र यायला पाहिजे.

तर विचारलं.
मशीन जागं होताना जे पुटपुटतं ते सगळं काढलं,
डीमेसेग, सहाशे-सातशे ओळी.
हार्डडिस्क आहे, कीबोर्ड आहे,
माऊससुद्धा आहे, कंपनीच्या नावानिशी.
बर्नरबद्दल चकार शब्द नाही.

ट्रे उघडतोय, म्हणजे वीज पोचते.
पण वीज पोचणं वेगळं
आणि नाव लागणं वेगळं.

बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या.
"तलाठ्याकडं पण असंच झालं," म्हणाल्या,
"फेरफारात तिघं भाऊ. आन् मी तितंच हुबी."

मी काही बोललो नाही. स्क्रू काढले.
डब्यात धूळ, आणि लिंबाचं एक वाळलेलं पान,
कुठल्या फटीतून शिरलं कोण जाणे.
लाल केबल अर्धी निसटलेली.
अंगठ्यानं दाबली. टक्.

पुन्हा चालू. या खेपेला नाव घेतलं:
एसआर झिरो.
बाईंनी हात जोडले. मी म्हणालो, थांबा.
कारण सीडी करायला गेलो तर पुन्हा तीच ओळ.

सुडो लावून विचारलं की दिसतो,
साधं विचारलं की नाही.
दुकान माझं, मशीन माझं, पतपेढीचे हप्ते मी फेडले,
आणि आतल्या नोंदीत मालक कोण, तर रूट,
त्याखाली गट, सीडीरॉम,
आणि त्या गटात मी नाहीच.

स्वतःच स्वतःचं नाव चढवलं.
तरी ढिम्म.
मग भाच्याचं आठवलं: गटात घेतलं तरी लगेच कळत नाही त्याला,
एकदा बाहेर पडायचं, परत आत यायचं.

हे बाईंना सांगितलं तर त्या हसल्या, सकाळपासून पहिल्यांदा.
"भाईर पडल्ये की मी, मांडवातनं, एकोणऐंशीला.
परत आत यायचं तेवढं ऱ्हायलंय."

मी बाहेर पडलो, पासवर्ड टाकून आत आलो.

पहिली तबकडी तरी वाया गेलीच,
मीच घाईत वेग जास्त ठेवला होता.
दुसरी सावकाश, चारच्या वेगानं.
दहा पन्नासला ती गरम बाहेर आली,
भाकरीसारखी दोन बोटांत धरली
आणि वाळत आलेल्या मार्करनं लिहिलं: अतीत, ३ मिनिटं ११ सेकंद.

पैसे एकीचेच घेतले.
"ती वाया गेल्याली बी द्या," म्हणाल्या,
"दोऱ्यानं टांगते शाळवात. चमाकली की पाखरं बसत न्हाईत."
कुठल्या रानात, मी विचारलं.

"आंब्याच्या बांधाखालच्या,"
असं रस्ता ओलांडता ओलांडताच म्हणाल्या,
मध्ये कराडची एसटी आली, नंतर दिसल्या नाहीत.

डब्याचं झाकण मी अजून लावलेलं नाही.