शून्य सावली

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल आकडे फार कमी,
ही चार्वीची जुनी तक्रार.
म्हणून तिने पेन्सिल घेतली,
आणि दुधाचे दीड लिटर, सिलिंडरचा नंबर, विम्याचा हप्ता
यांच्यामधल्या फटीफटीत
तिच्या सुट्ट्या उगवू लागल्या.

फेब्रुवारीत, जोडीदार हरवलेल्या मोज्यांचा दिवस.
बाबा दोन पायांत दोन रंग घालून ऑफिसला गेले
आणि संध्याकाळी जरा हिरमुसून आले:
कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मार्चमध्ये, शेवटापासून जेवायचा दिवस.
आधी बडीशेप, मग ताकभात, मग पोळीभाजी,
आणि सगळं आटोपल्यावर मी दारात उभी राहून हाक मारली,
चला, पानं घेतली आहेत!

पण पंधरा मे तिचा नव्हता.
तो सूर्याचा होता.
मुतालिक मॅडमनी सुट्टी लागताना सांगून ठेवलं होतं,
त्या दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो,
रेषभरही इकडे नाही, तिकडे नाही,
आणि माझगावात उभ्या वस्तूला सावली उरत नाही.

गच्चीची किल्ली सेक्रेटरी गावणकरांकडे.
अर्ज आणा, म्हणाले. कारणासकट.
चार्वीने लिहिलं:
कारण – सावली नसणे बघणे.
वेळ – साडेबारा ते पाऊण.
सोबत आणायच्या वस्तू – स्वतःची सावली.
गावणकरांनी ‘नसणे’खाली लाल रेघ ओढली,
बराच वेळ पाहिलं,
आणि सही केली.

गच्ची तव्यासारखी.
आम्ही ओली गोणपाटं अंथरली.
मी लाटणं नेलं, रोझी डिकुन्हांनी नाताळातली उरलेली मेणबत्ती,
तळमजल्यावरच्या खोजेमभाईंनी नातवाचा स्टंप,
कुणीतरी नुसताच स्टीलचा पेला.
सगळे ओळीने उभे केले, जणू शाळेची प्रार्थना.
गावणकर आले ते छत्री उघडूनच.
काका, छत्री मिटा, निषाद ओरडला, तुम्ही सावली आणलीत!

बारा बत्तीस. लाटण्याची सावली बोटभर.
बारा चौतीस. नखाएवढी.
मग कुणी काही बोललं नाही.
लाटणं लाटण्यावरच उभं होतं.
स्टंप, मेणबत्ती, पेला,
सगळं जमिनीला थेट चिकटलेलं,
कागदावरून कापून ठेवल्यासारखं.
निषादने उडी मारली, खाली एक काळा ठिपका दिसला,
पाय टेकले, ठिपका गेला.
मग तो उड्याच मारत राहिला, ठिपक्याला पकडायला.

बेचाळीस वर्षं मी या शहरात आहे.
वर्षातून दोनदा हे माझ्या डोक्यावरून गेलं,
आणि मी खाली कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

बारा चाळीसला पेल्याच्या पायाशी
एक बारीक काळी कोर फुटली,
पूर्वेला, गोदीच्या बाजूला.
आली, आली, म्हणून रोझीबाई टाळ्या वाजवायला लागल्या,
गावीहून कुणी आल्यासारख्या.
खोजेमभाईंनी सगळ्यांना सरबत दिलं.
मेणबत्ती तेवढ्यात कमरेत वाकली होती,
तिची सावली वाकडी पडली,
ती चार्वीने वहीत वाकडीच काढली.

दुसरा दिवस जुलैच्या शेवटी असतो.
गावणकरांनी या वेळी अर्ज मागितला नाही,
किल्ली स्वतःच वर घेऊन आले, छत्री मिटलेली.
आभाळ खरकट्या पातेल्यासारखं.
सकाळपासून कुणालाच सावली नव्हती,
कबुतरांना नाही, टाकीला नाही, क्रेनला नाही.
हा धरायचा का, यावर जिन्यात वाद झाला.
निषाद म्हणाला, आज तर जास्तच झालं.
चार्वी म्हणाली, दिसली नाही म्हणजे नव्हती असं होत नाही,
आणि नाही म्हणजे ढगामुळे की सूर्यामुळे,
हे कसं कळणार?

गावणकरांनी खिशातून लाल पेन काढलं.
कॅलेंडर दाखव, म्हणाले,
आणि अठ्ठावीसच्या चौकोनात,
दूध दीड लिटरच्या वर,
ठळक लिहिलं:
सुट्टी. निकाल राखून ठेवला आहे.