मरगळीतला ळ

डॉक्टर खंडेलवालांनी विचारलं, क्या तकलीफ है, माताजी?
माणिकअक्का म्हणाली, मरगळ.

जेल रोडवरचा दवाखाना, वैशाखातली दुपार,
कूलरमधून वाळ्याचा नि शिळ्या पाण्याचा वास.
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, कमजोरी.
अक्का म्हणाली, छट्. सकाळी भरली बादली जिन्यानं वर आणलीय मी.
थकान?
थकवा झोपलं की जातो. ही माझ्याआधी उठून बसलेली असते.
सुस्ती?
सुस्ती मांजराला येते, आणि तिला ती आवडते.

मग डॉक्टरच चाचरत म्हणाले, मरगल?
आणि अक्का, जिनं एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला
(शाळा आता नाही, तिथे मोबाइलची दुकानं आहेत),
दुखणं विसरून ताठ बसली:
ल नाही. ळ. जीभ मागे वळवा.
डॉक्टरांनी वळवली.
ती परत दातांशीच आली.

दाराशी फरशी पुसत होती सुगनबाई, सांवेरकडची.
मरगळ, ती म्हणाली,
फडकं पिळता पिळता,
इतकं स्वच्छ, की अक्काची मान वळली.
तिच्या माळवीत तो ळ अजून राहतो, बिनभाड्याचा.
म्हारे भी असोज होय, बाई.
कधी गं?
दोपेर में. सब चल्या जाय जद.

अक्का पुढं काही बोलली नाही.
रामबागेत तिच्याशी बोलायला आता मीच उरलोय,
आणि मी पेपर वाचतो.

रात्री कोश काढला. शब्द होता,
पण तो कुठून आला ते सांगणारा कोपरा
कसरीनं खाल्लेला.
मग मीच जुळवत बसलो.
मर, म्हणजे मरण नव्हे, एवढं मोठं काही नाही;
हरभऱ्यावर पडते ती मर,
मातीत ओल असताना झाड मान टाकतं, ती.
आणि गळ, मोहोर गळतो त्यातला.
पण पटेना. शब्द काही असे
दोन तुकडे शिवून जन्मत नसावेत.

उशिरा कधीतरी दिवा घालवून
अंधारात नुसताच म्हणून पाहिला, हळू.
म, र, ग, इथवर तोंड कामावर असतं.
मग जीभ मागे दुमडते
आणि टाळ्याखाली आडवी होते.
आळस, कंटाळा, मळमळ,
सगळे त्याच बाजेवर पडलेले.
कुठून आला ते कळलं नाही.
कुठे येऊन पडतो, तेवढं कळलं.

सकाळी पाहिलं तर चिठ्ठीवर
डॉक्टरांच्या 'जनरल वीकनेस'वर लाल रेघ,
खाली टपोऱ्या अक्षरात मरगळ,
ळ ची दोन्ही पोटं नीट फुगवलेली.
मी पेपर बाजूला ठेवला. विचारलं, गोळी घेतलीस का?
घेते की, अक्का म्हणाली.
तिच्यात आहे ळ.